शाळेचा बोलता डबा मी ठोकून पारखला

माझी बायको बोरीजवळच्या आमच्या गावात शाळेची खिचडी शिजवायची. ती गेल्यावर मी मास्तरांना म्हणलं, तिच्या नावानं शाळेला काहीतरी द्यायचंय. मास्तर म्हणाले, बोलता डबा द्या मामा, पोरांनी विचारलं की तो उत्तर देतो. जिंतूरच्या दुकानदारानं दोन डबे पाठवले, वापरून बघा, एक ठेवून घ्या म्हणून.

मी जन्मभर मेंढरं राखली. मेंढा घेताना आमी त्याच्या कपाळावर बुक्की घालतो. मागं सरला तर घेत न्हाई. मला दुसरी पारख येत न्हाई. चौथीच्या वर्गात दोन्ही डबे टेबलावर मांडले, पहिल्याच्या टाळक्यात बुक्की घातली, वर एक शिवी हासडली. आतून बाईचा मऊ आवाज आला, "माफ करा, मला समजलं नाही."

पोरं खदाखदा हसली. मग रांगच लागली. एकेकजण यायचा, बुक्की घालायचा, शिवी द्यायचा, आन डबा माफी मागायचा. मास्तर दटावायलेत, पण ऐकतंय कोण. तेवढ्यात एका पोरानं शेजारच्या पोरीच्या कानफटात मारली. पोरगी गाल धरून तशाच मऊ आवाजात म्हणाली, "माफ करा." वर्ग पुन्हा हसला. तीबी हसली.

मला आमचं आंगण दिसलं. लांडग्यानं कोकरू नेलं होतं. राखणीला मी होतो आन मीच झोपलो होतो. तरी काठीनं बायकोचं मनगट मोडलं. ते हाड मोडलेलं अजून ऐकू येतं. ती म्हणाली, चुकलं माझं. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं खिचडी हलवली आन शाळेत सांगितलं, पाय घसरला.

दाराशी टेकवलेली माझी काठी उचलून मी डब्यावर घातली. टवका उडून माझ्या भुवईत घुसला, रक्त डोळ्यात उतरलं. डबा खाली पडून घरघरायला लागला, मी तसाच हाणत राहिलो. पोरं भिंतीला चिकटली. शेवटी मास्तरांनी मागून कवळा घालून धरलं.

मी पोरांना म्हणलं, "तुमाला खिचडी वाढायची ती माझी बायकू. मी तिला असंच मारायचो. आन माफी तीच मागायची."

कोणी हसलं न्हाई.

दुसरा डबा राहिला होता. त्यालाबी बुक्की घातली. लाल दिवा लागला आन तो गप. पुन्हा शिवी दिली, तरी गप. मास्तर म्हणाले, वरचं बटण दाबलं गेलं की त्याला ऐकू येत न्हाई. म्हणलं, कशानं का हुईना. मारलं तर माफी मागत न्हाई, हाच ठेवा.

मास्तरांनी रुमाल माझ्या भुवईवर दाबला आन विचारलं, डब्यावर नाव कसं लिहायचं.

मी म्हणलं, "तिचं लिहा. मधी माझं घालू नका. तिच्या बापाचं घाला."