एक मराठी वर, एक कन्नड वर

अण्णा गेले त्या शुक्रवारी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचा गठ्ठा ग्रंथालयाच्या व्हरांड्यात पडून राहिला. घडी घालायला कुणी बसले नाही. त्यानंतर छापील अंक निघाला नाही.

तुम्ही बेळगावला आमच्या विद्यापीठात शिकला असाल तर अण्णांना पाहिले असेल, नाव ठाऊक नसले तरी. ग्रंथालयाचे शिपाई. शुक्रवारी दुपारी व्हरांड्यात मांडी घालून बसायचे. छापखान्यातून आलेला कागद मधोमध दुमडायचे आणि अंगठ्याचे नख घडीवरून वरपासून खालपर्यंत ओढायचे. मग अंक ढिगावर ठेवायचे, एकदा सरळ, एकदा पालथा. तोंडाने पुटपुटणे चालूच. "एक मराठी वर, एक कन्नड वर."

आमच्या अंकाला मागचे पान नव्हते. एका बाजूने तो मराठी, पालथा घालून फिरवला की कन्नड, आणि दोन्हीकडे पहिलेच पान. ही युक्ती वृत्तपत्र सुरू करणाऱ्या मुलांची. पण फाटकाजवळच्या टेबलावर ढीग ठेवला की वर कोणती तरी एकच भाषा दिसणार, आणि आपल्या भागात भांडणाला तेवढे कारण पुरते. त्यावरचा उपाय अण्णांचा. ते म्हणायचे, "वरचा उचलला की खाली दुसरा दिसतोय. माणूस रागवंल तरी किती वेळ?"

ते बेळगावातल्याच वडगावच्या विणकरांच्या घरातले. लहानपणापासून साड्यांच्या घड्या घालून हात तयार झालेला. मी निपाणीची, मराठी पानांची संपादक. "संपादकबाई, तुमचा अग्रलेख लई लांब झालाय. घडी घातली तरी संपंना," असे ते मला ऐकवायचे. कन्नड पानांचा संपादक हसू लागला की त्यालाही तेवढाच टोमणा त्याच्या भाषेत मिळायचा. त्या बाबतीतही अण्णा आलटून पालटूनच चालत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

एका शुक्रवारी अण्णा दुपारी घरी गेले. घरातला शेवटचा माग त्या दिवशी खोलून न्यायचा होता. रजेचा अर्ज त्यांनी दिला नव्हता, फक्त मला सांगून गेले. "घड्या तेवढ्या घाल गं. आणि ढीग कसा लावायचा ते ठावं हाय न्हवं?" मी हो म्हटले. कन्नड पानांचा संपादक परीक्षेला बसला होता. मला पाचची निपाणीची गाडी पकडायची होती. घड्या घातल्या, सगळे अंक एकावर एक ठेवले, ढीग टेबलावर ठेवला आणि बसस्टँड गाठले. सगळे अंक मराठी बाजूने वर होते. गाडी कोगनोळीच्या अलीकडे वळून निपाणीत शिरली तोवर मला त्याची आठवणसुद्धा नव्हती.

शनिवारी सकाळी कुणी तरी तीन-चार अंक उचलून पाहिले. खालीही मराठीच. कन्नड पाने बंद केली, अशी बातमी वसतिगृहापर्यंत गेली. रागाच्या भरात अंक पालथा करून पाहायचे कुणाला सुचले नाही. सोमवारी दोन्हीकडची मुले फाटकावर समोरासमोर उभी होती. कार्यालयाने आम्हा दोघा संपादकांना बोलावले, ग्रंथालयातून अण्णांनाही. कार्यालयातले साहेब म्हणाले, हा खोडसाळपणा विद्यार्थ्यांचा असेल तर वृत्तपत्र आजपासून बंद.

"ढीग कुणी लावला?"

मी तोंड उघडले. आवाज मागून आला.

"म्या लावला, सायेब. घरी जायची घाई हुती, ध्यान ऱ्हायलं न्हाय."

मी तोंड मिटले.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "अशी काय बघतीस? पेपर बंद व्हायचा वाचला न्हवं? मला काय फाशी देत्यात व्हय!"

फाशी दिली नाही. मेमो दिला आणि ग्रंथालयातून काढून भांडारात पाठवले. तिथे खडू, फायली, मोडक्या खुर्च्या. वाचनालयातली वर्तमानपत्रे रोज सकाळी सगळ्यांच्या आधी वाचणे ही अण्णांची एकच चैन होती, ती गेली. निवृत्तीपर्यंत ते भांडारातच राहिले. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मात्र व्हरांड्यात येऊन घड्या घालायचे. निवृत्तीनंतरही त्यासाठी वडगावहून यायचे.

मी निपाणीच्या कॉलेजात शिकवू लागले. गेल्या वर्षी विद्यापीठात आता वृत्तपत्र चालवणाऱ्या मुलांनी मला त्याचा इतिहास लिहायला सांगितले. त्यात तो शुक्रवार मी होता तसा लिहिला आणि कच्चा मजकूर घेऊन अण्णांकडे गेले. माग होता त्या जागी आता कॉट होती. कॉटवर बसून त्यांनी सगळे वाचले. त्या परिच्छेदापाशी बोट ठेवले.

"ह्ये काढ."

"अण्णा, खरं आहे ते."

"खरं हाय म्हणूनच म्हणतोय. सायबांनी इचारलं, म्या सांगितलं. आता म्हातारपणी मला खोटं पाडतीस व्हय गं?"

"मेमो तुमच्या नावावर आहे."

"असू दे की. त्या मेमोत म्या रचलेली गोष्ट हाय. तुमच्या पेपरासाठी माझं तेवढं एकच लिखाण." हसले आणि आत चहा सांगितला.

मी परिच्छेद काढला. त्यांचे ऐकले, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. बसमध्ये बसल्यावर हलके वाटले, तेव्हा कळले की त्यात माझीही सोय होती. दोन महिन्यांनी अण्णा गेले.

मुले आता अंक फोनवर काढतात. तिथे मराठी आणि कन्नड वेगवेगळे उघडतात, त्यामुळे भांडण नाही. इतिहासही तिथेच प्रसिद्ध झाला. त्यात अण्णांचे नाव घडी घालणारे म्हणून एकदा आले आहे. ढीग मी लावला होता, हे त्यात नाही. ते इथे लिहिले.

शेवटचा गठ्ठा मी मागच्या शुक्रवारी व्हरांड्यात बसून दुमडला. घड्या वाकड्या पडल्या. ते अंक ग्रंथालयाच्या कपाटात आहेत, एक मराठी वर, एक कन्नड वर. मेमो कार्यालयातल्या फायलीत आहे.