वेलांटीरावांनी निवडलेला वॉटर पार्क

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीराव म्हणत, आणि तेही तोंडावर. काम मुद्रितशोधनाचं. छापायला जाणाऱ्या प्रत्येक कागदावर आधी यांचं लाल पेन फिरायचं. औषधांच्या खोक्यांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत बावीस वर्षं हेच केल्यावर दुसरं काय होणार? दुकानाची पाटी दिसली की मान आपोआप नकारार्थी हलायची. "मी मेलो ना," ते स्वतःच सांगायचे, "तर माझ्या श्रद्धांजलीतले ऱ्हस्व-दीर्घ तपासायला उठून बसेन."

लोक हसायचे. घरात मात्र या खोडीने एकदा फार वाईट केलं होतं. मुलगी नऊ वर्षांची असताना तिने बाबांच्या वाढदिवसाला स्वतः रंगवून एक कार्ड दिलं. वेलांटीरावांनी ते कौतुकाने वाचलं, कौतुकानेच त्यातल्या चार चुकांना लाल गोल केले, खाली 'छान प्रयत्न' लिहिलं आणि कार्ड परत दिलं! इतका मठ्ठ बाप शोधून सापडणार नाही, हे त्यांना कळलं, पण कळायला दोन वर्षं लागली. तोवर पोरीने त्यांना काही दाखवायचंच सोडलं होतं. आता ती चौदा वर्षांची. सांगायचं ते सगळं आईला. बाबांकडे फक्त सहीपुरतं यायचं.

म्हणून त्या दिवशी जेवताना ती "सुट्टीत आपण तिघं वॉटर पार्कला जाऊ या ना" म्हणाली, तेव्हा वेलांटीरावांचा घास हातातच राहिला. तिघं म्हणाली! दोघी नाही, तिघं! हा दिवस हातचा घालवायचा नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

गावाबाहेर वॉटर पार्क दोन. दोघांची पत्रकं घरी आली, एक निळं, एक पिवळं.

"मला फक्त लाटांचा तलाव हवा," पोर म्हणाली. "बाकी कुठलाही चालेल."

"तुम्हीच ठरवा," बायको म्हणाली. "पण आधी ते पेन खाली ठेवा."

पेन खाली ठेवलं, पण डोळे कुठे ठेवणार? निळ्या पत्रकावर पहिलीच ओळ होती, 'कुटुंबासाठी आनंदाचा दीन'. वेलांटीरावांनी कपाळावर हात मारला. "दीन! म्हणजे गरीब बिचारा! अहो, आनंदाचा गरीब बिचारा असतो का कुठे? आणि हे बघा, 'लहान मूलांसाठी'!"

"पण लाटा आहेत तिथे," बायको म्हणाली. "फोटो आहे चांगला मोठा."

"ज्याला 'दिन' नीट लिहिता येत नाही, तो पाण्यात औषध किती टाकायचं ते नीट वाचेल का?"

या वकिली युक्तिवादावर बायकोने हात टेकले. मग पिवळं पत्रक. वरपासून खालपर्यंत एक खोट सापडेल तर शपथ! अनुस्वार जागच्या जागी, स्वल्पविराम हवा तिथेच. लाटांच्या तलावाच्या ओळीवर तर त्यांनी बोटच आपटलं. "बघा, सुरू! रू दीर्घ! दहातले नऊ जण इथे आपटतात!" निकाल लागला. पिवळं पत्रक फ्रिजवर चिकटलं आणि पुढचे आठ दिवस येता-जाता वेलांटीराव त्याच्याकडे बघून खूश होत राहिले.

दोन बस बदलून तिघं पोहोचली. लाटांचा तलाव होता. त्यात पाणी नव्हतं. कोरड्या तळाशी एक कामगार ब्रशने फरशी खरवडत बसला होता.

"लाटांचं मशीनच अजून आलं नाही," तो खालून ओरडला. "पत्रकात लिहिलंय की तसं!"

वेलांटीरावांनी तावातावाने खिशातलं पत्रक काढलं. 'लाटांचा तलाव लवकरच सुरू.' लवकरच. एवढा ढळढळीत शब्द! रू दीर्घ आहे या आनंदात बाबाजींनी तो खुशाल गिळला होता.

पण खरी फजिती पुढेच होती. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं. त्यांच्याच छापखान्याचं. ती ओळ रोज इतक्यांदा डोळ्यांखालून जायची की त्यांना ती दिसेनाशीच झाली होती. आणि मग आठवलं, तीन महिन्यांपूर्वी हाच मजकूर टेबलावर आला होता, त्यात 'सुरु' ऱ्हस्व होतं आणि ते दीर्घ कुणी केलं होतं? तर याच महाशयांनी! म्हणजे आठ दिवस आपण दुसऱ्या कुणाचं नाही, आपलंच शुद्धलेखन फ्रिजवर लावून आपलीच पाठ थोपटत होतो. वा रे शहाण्या!

बायकोला त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि पिशव्या ठेवायला जागा शोधू लागली. चालू होतं काय, तर एक घसरगुंडी, तिला ही लांब रांग, आणि लहान मुलांचा गुडघाभर पाण्याचा तलाव. पोर त्याच्या काठावर पाय सोडून एकटी बसली होती. वेलांटीराव चोरासारखे शेजारी जाऊन बसले. आता पुढची पाच वर्षं सहीलाही येणार नाही ही, असं त्यांना वाटलं.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली.

"काय?"

"'लवकरच'. फ्रिज उघडताना रोज दिसायचं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, जा, सांग त्यांना. मीच नाही सांगितलं, तिलाही सांगू दिलं नाही."

"अगं, पण का? तुला लाटा हव्या होत्या ना!"

ती पाण्यात पाय हलवत राहिली. "तुम्ही इतके खूश होतात. आणि आपण हौसेने काही करावं, कुणी त्यातली चूक काढून दाखवावी, म्हणजे कसं वाटतं ते मला माहीत आहे."

वेलांटीराव तसेच, विजारीसकट, त्या गुडघाभर पाण्यात उतरले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"चुकलं माझं, बाळा."

"हो," ती म्हणाली. "खूपच."

पण तिथून उठून मात्र गेली नाही.