थेंबराव आणि वहिनींचे हात

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळे थेंबराव म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ते ओ देतातही. पेट्रोलचा थेंब अन् थेंब वाचवणं हे त्यांचं व्यसन. चिकटपणा नव्हे हं. पाहुण्याला वाढताना हा माणूस कधी हात आखडत नाही. पण गाडीत बसला की साधू होतो.

एकदा मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोडायला आले होते, तेव्हा मी प्रथमच त्यांच्या शेजारी बसले. बघते तर उजव्या पायात बूट नाही, नुसता मोजा!

"हे काय हो?"

"बुटातून कळत नाही, मावशी. ती किती मागतेय ते पायाला कळायला पाहिजे."

ती म्हणजे गाडी. लांबवर लाल दिवा दिसला की त्यांचा पाय अलगद वर येई आणि गाडी पाण्यावरच्या पानासारखी तरंगत जाई. चौकात पोचायला आणि दिवा हिरवा व्हायला एकच गाठ पडे. ब्रेक म्हणून लावला नाही त्या माणसाने. मी चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली, नेमक्या क्षणी नेमक्या जागी पाऊल टाकणारे भलेभले पाहिले. पण त्या दिवशी मी डोळ्यांत औषध घालायच्या आधीच डोळे विस्फारून बसले होते.

गाडीतलं ओझं कमी करायचाही त्यांना नाद. मागचे स्पीकर काढलेले. राखेची डबी काढलेली. पायाखालच्या गालिच्याच्या आत लोकरीचा जाड थर, नमदा, असतो, तोही काढून घरी माळ्यावर टाकलेला. "सव्वाचार किलो!" ते अभिमानाने सांगत. दुसरा एखादा मुलाचे मार्क सांगेल तसे.

नवराबायको दोघंही एकाच कारखान्यात. अडतीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. तिथे दाब आणि वेळ मोजायची बारीक उपकरणं बनतात. थेंबराव सामानाच्या कोठारावर आणि त्यांची बायको काचेच्या खोलीत, स्प्रिंगच्या टेबलावर. सगळी इमारत तिला वहिनी म्हणते. वयाने माझ्या लेकीएवढी असून मीही म्हणते.

तिचं काम मी पाहिलं ते माझं मनगटी घड्याळ बंद पडलं तेव्हा. जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरून ती बसली, डोळ्याला भिंग लावलं आणि चिमट्याने आतून काहीतरी उचललं. मला काही दिसेचना. "श्वास जरा तिकडे सोडा, मावशी," ती म्हणाली. मग दिसलं. केसाहून बारीक तारेचं गुंडाळं, म्हणजे स्प्रिंग. तिने ते जागच्या जागी ठेवलं आणि ते उघडू-मिटू लागलं. चिमट्याचं टोक या सगळ्या वेळात हललं म्हणून नाही. मी खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले.

तर अशी ही वहिनी एका संध्याकाळी वर माझ्याकडे आली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. मी चहा टाकला. कप उचलून तिने परत ठेवला.

"मावशी, माझे हात कापतात."

"आत्ता तर नाही कापत."

"आत्ता नाही. सकाळी. कारखान्यात पोचले की तासभर कापतात. रविवारी घरी बघावं तर दगडासारखे स्थिर. म्हणजे गाडीतून उतरलं की होतं हे. वर्षभर चाललंय. तो पहिला तास मी भिंगं पुसत काढायची. आता नवीन सुपरवायझर बाई आल्यात. त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पहिल्या अर्ध्या तासात दहा स्प्रिंगा बसवून दाखवा. नाही जमलं तर पॅकिंगला जा."

"पॅकिंग वाईट आहे का गं?"

"छे! जेवणाच्या सुट्टीत सगळ्यात जास्त हसणं तिथूनच ऐकू येतं." "पण मावशी, स्प्रिंग बसली की पहिल्यांदा जी हलते ना, तान्हं बाळ श्वास घेतं तशी... ती मी रोज शंभर वेळा बघते. अठ्ठावीस वर्षं झाली. अजून कंटाळा नाही आला."

मी तिचा निवलेला चहा पुन्हा गरम करून आणला.

नवऱ्याला तिने त्याच रात्री जेवताना सांगितलं. थेंबरावांनी घास खाली ठेवला. म्हणे, "गाडी म्हातारी झाली आपली. बदलू." बसने जायचं तर दोन ठिकाणी बदलायची आणि सकाळच्या गर्दीत उभं राहायचं, त्याने हात आणखीच जायचे.

मग सुरू झालं दोन गाड्यांचं नाटक. एक मोठी, गुबगुबीत, तिला मी नाव दिलं दिवाणखाना. दुसरी छोटी, हलकी, ती चिमणी. चिमणी जेवढ्या पेट्रोलमध्ये कारखान्याला जाऊन परत येई, तेवढ्यात दिवाणखाना जेमतेम एका बाजूने पोचे. आता तुम्हाला वाटेल, नवरा चिमणीसाठी भांडला आणि बायको दिवाणखान्यासाठी. झालं उलटंच.

"दिवाणखाना घेऊ," थेंबराव म्हणाले. चेहरा असा, की जणू दाढ काढायला निघालेत. "मी रविवारचीही पाळी मागून घेतो."

"काही नको. रविवारी तुम्ही घरी नसलात तर मी बोलू कोणाशी, भिंतीशी? चिमणी घ्या."

"अगं, तुझ्या हातांसाठी..."

"माझ्या हातांना विचारलंत का?"

आणि त्यातूनच तिला ती युक्ती सुचली. कागदावरचे आकडे नकोत, विक्रेत्याचं बोलणं नको. दोन्ही गाड्यांतून फिरायचं आणि उतरल्या उतरल्या स्प्रिंग बसवून बघायची. हात सांगतील ती गाडी.

तारीख तोंडावर आली होती. पुढच्याच शनिवारी आम्ही तिघं निघालो. मी का? वजनाला, असं थेंबराव म्हणाले. आयुष्यभर माझं वजन कमी करायला सांगणारेच भेटले, ते कामी आणणारा हा पहिलाच.

शोरूममधला विक्रेता टायवाला, गोड बोलणारा. "या कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ," म्हणाला.

"वीस किलोमीटर," थेंबराव म्हणाले.

"काका, तसं चालत नाही आमच्याकडे."

मग मला पुढे व्हावं लागलं. मी त्याचा हात हातात घेतला, खालच्या सुरात म्हटलं, "बाळा, या बाईचे हात पाहिलेस? या हातांसाठी आलोय आम्ही." पुढचं मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण शेवटी तो किल्ली देऊन टाय सैल करत मागे माझ्याशेजारी येऊन बसला.

जुन्या गाडीतून आल्यामुळे वहिनीचे हात तासभर निवू दिले, मग आधी दिवाणखाना. काय सांगू! बसले मात्र, सीटने मला आईसारखं कुशीत घेतलं. खड्डा आला गेला, कळलंही नाही. मनात म्हटलं, झालं, ठरलं. परत आलो. वहिनीने पर्समधून पत्र्याची छोटी डबी काढली. चिमटा, भिंग आणि कारखान्याने टाकून दिलेलं एक चिमुकलं चाक आणि त्याची स्प्रिंग. विक्रेत्याच्या टेबलावर, कॅलेंडर बाजूला सारून, ती बसली.

चिमट्याचं टोक थरथरलं. तिने सोडलं, पुन्हा उचललं. पुन्हा थरथरलं. सहाव्या वेळी बसली स्प्रिंग.

"नेहमीपेक्षा बरं," ती म्हणाली. "पण वळणावर ही झोके घेते. मी नकळत अंग धरून बसले. खांदे भरून आले."

थेंबरावांनी मान खाली घातली. पुन्हा तासभर थांबलो, हात निवू दिले. मग चिमणी. तीच सडक, तोच मोजा घातलेला पाय. सीट पातळ, आवाज जास्त, माझे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला लागलेले. मी तर मनातल्या मनात दिलगिरीचं भाषणही तयार केलं. परत आलो, वहिनी बसली, भिंग लावलं, चिमटा उचलला.

टोक हललं नाही.

पहिल्याच खेपेला स्प्रिंग बसली आणि उघडू-मिटू लागली. विक्रेता वाकून बघत होता, त्याने तोंडावर हात धरला. शोरूममधली आणखी दोन माणसं येऊन उभी राहिली. एवढीशी ती वस्तू, पण तिच्याभोवती आम्ही सगळे असे स्तब्ध उभे, की जणू पाळण्यात कोणी झोपलं आहे.

"जिंकली चिमणी!" मी म्हटलं. "पेट्रोल वाचलं, हातही वाचले! थेंबराव, तोंड गोड करा!"

थेंबराव हसले नाहीत. बाहेर जाऊन चिमणीभोवती फिरले. मग खाली बसले आणि पुढच्या चाकावर अंगठा दाबला. सामानाच्या कोठारावरचा माणूस तो. वस्तू अशी का आणि तशी का नाही, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"हिच्यात हवा किती भरता?"

"बत्तीस, काका. दारावर लिहिलंय तेवढीच."

थेंबरावांनी अंगठा पुन्हा एकदा दाबून पाहिला. वहिनी जवळ गेली. "काय झालं हो?"

"आपल्या गाडीत अठ्ठेचाळीस असते."

"म्हणजे?"

"चाक दगडासारखं टणक ठेवलं की गाडी लांब पळते. पेट्रोल वाचतं. दारावर आपल्याही बत्तीसच लिहिलंय. मी... गेली सात वर्षं अठ्ठेचाळीस भरतोय. वर पायाखालचा नमदा काढला. म्हणजे सडकेचा प्रत्येक खडा सरळ तुझ्या..." त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं.

आम्ही आमच्या जुन्या गाडीपाशी गेलो. थेंबरावांनी चाकाच्या हवेच्या नळीची टोपी काढली, खिशातली किल्ली तिच्या टोकावर दाबली. हवा सुसाट बाहेर आली. एक चाक, दुसरं, तिसरं, चौथं. दर वेळी हवा मोजायचा काटा लावून बघत होते, बत्तीस होईपर्यंत. एवढी वर्षं प्राणपणाने कोंडून ठेवलेली ती हवा सोडताना त्या माणसाचा चेहरा मी पाहिला. मी रंगमंचावर राज्यं सोडलेली पात्रं पाहिलीत. त्यांना तो चेहरा जमला नव्हता.

विक्रेता मात्र धावत मागे आला. "म्हणजे... गाडी नको का, काका?"

"तूर्त नको, बाळा," मीच म्हटलं. "पण आजचा खेळ तुझ्यामुळे रंगला."

रविवारी माळ्यावरून नमदा खाली आला. मेकॅनिकने चाकांमागचे दमलेले शॉकॲब्जॉर्बर बदलले. "साहेब, असली टणक चाकं पेलून पेलून हे मेले," असं तो म्हणाला. वहिनीने "ऐकलंत?" एवढंच विचारलं. सोमवारी तिचे हात अर्धा तास कापले. गुरुवारी पाच मिनिटं. ती रोज संध्याकाळी जिन्यातूनच मला आकडा ओरडून सांगे आणि मी वरून टाळी वाजवत असे. पेट्रोल जास्त लागू लागलं. थेंबरावांनी ते किती, हे कोणाला सांगितलं नाही. पहिल्यांदाच.

एक तारखेला मी त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले. काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायची मला परवानगी मिळाली. घंटा झाली. सुपरवायझर बाई, चष्मा गळ्यात, वहिनीमागे उभ्या राहिल्या. कोठारावर जायचं सोडून थेंबराव माझ्याशेजारी.

काचेपलीकडून आवाज येत नव्हता. दिवा, पांढरा कागद, तिची वाकलेली मान. एक. दोन. तिसऱ्याला ती थांबली, चिमटा ठेवला, बोटं मिटून उघडली, आणि थेंबरावांनी माझं मनगट असं धरलं की वळ उठले. मग पुन्हा. चार. पाच. मला एवढं कळत होतं, की जगात या क्षणी याहून नाजूक आणि याहून मोठं काही कुठे चाललेलं नाही, आणि ते एक बावन्न वर्षांची बाई, साध्या सुती कपड्यात, कोणाला दाखवण्यासाठी नाही, स्वतःच्या जागेसाठी करते आहे. दहावी स्प्रिंग हलली तेव्हा घड्याळात चार मिनिटं शिल्लक होती.

सुपरवायझर बाईंनी चष्मा लावला, दहाही पाहिल्या. कपाटातून पुढचा भरलेला ट्रे काढून वहिनीसमोर ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं आवारातल्या झाडाखाली डबा उघडून बसलो. थेंबराव काही खाईनात. शेवटी म्हणाले, "एक विचारू? सात वर्षं तू त्या गाडीत आदळत होतीस. एकदाही बोलली नाहीस. का?"

"हात गाडीमुळे जातायत हे मला तरी कुठे माहीत होतं? उशिरा कळलं."

"पण आदळतं हे तर कळत होतं!"

वहिनीने घास गिळला. "बाजूच्या सीटवर बसून रोज बघते ना मी तुम्हाला. दिवा हिरवा झाला की तुमचा चेहरा असा फुलतो, की लग्नातही फुलला नव्हता. म्हटलं, आदळू दे थोडं."

थेंबराव तिच्याकडे पाहतच राहिले. मीही.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"आता जरा कमी फुला," ती म्हणाली आणि डबा त्यांच्यापुढे सरकवला. "आणि जेवा. मला पावणेदोनला टेबलावर बसायचंय."