गुळाच्या ओट्यावरचा बर्फ

विलासमामा गेल्याचा फोन लक्ष्मणनं केला. सकाळची वेळ होती, इंदापुरातल्या आमच्या रोपवाटिकेत टोमॅटोच्या रोपांचे ट्रे टेम्पोत चढवणं चाललं होतं. मी टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं, सावलीत गेले आणि सवयीप्रमाणे कामाला लागले. मामींजवळ कोण आहे, बंगळूरला ज्योतीला कळवलं का, डॉक्टरांचा दाखला कोण आणणार… लक्ष्मण सुप्याहून निघून मामांच्या घरी आधीच पोहोचला होता आणि एकेका प्रश्नाचं नीट उत्तर देत होता. ज्योती, म्हणजे मामांची मुलगी, संध्याकाळशिवाय पोहोचणार नव्हती आणि बाहेर ऊन तर नुसतं भाजत होतं. “मग बर्फ सांगू का?” त्यानं विचारलं, आणि आम्ही दोघंही फोनवर गप्प झालो. थोड्या वेळानं तोच म्हणाला, “वैशाले, रज्जाकभाईंच्या पोराकडूनच सांगतो. दुसरीकडनं नको.” मी बरं म्हणाले.

त्या प्रश्नात गप्प होण्यासारखं काय होतं ते सांगायचं तर एक वाक्य आधी लिहावं लागेल. बारामतीत आमची आइस हॉकीची ज्युनियर टीम होती. आजवर ज्याला ज्याला हे सांगितलं तो हसला आहे. हसायला माझी हरकत नाही, आम्हीही हसायचो. पण टीम होती, नव्वदच्या दशकातली तीन-चार वर्षं होती, मी तिची गोलकीपर होते, आणि ती सगळी एका माणसानं उभी केली होती.

विलासमामा माझे सख्खे मामा. मार्केट यार्डात आजोबांची गुळाची अडत होती, ती पुढे त्यांनी चालवली. तरुणपणी पुण्यात शिकायला असताना त्यांना चाकांच्या स्केटचा नाद लागला. लोक पुण्याहून पदवी घेऊन येतात, आमचा विलास पायाला चाकं लावून आला, असं आजी म्हणायची. गुळाचे लिलाव व्हायचे त्या पत्र्याच्या शेडमध्ये शहाबादी फरशीचा लांबलचक ओटा होता. यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी तो रिकामा असे. मामांनी आम्हा पोरांना गोळा करून तिथं रोलर हॉकी सुरू केली. पहिल्या दिवशी कुणालाच हलता येईना, कारण लिलावाच्या दिवशी सांडलेला गूळ फरशीवर चिकटलेला आणि त्यात चाकं रुतलेली. तेव्हापासून खेळाआधी ओटा गरम पाण्यानं धुवायचा, हा आमचा व्यायाम ठरला. मुंग्या तरीही यायच्याच. स्टिका यार्डातल्या सुतारानं बनवल्या, माझे पॅड बारदानात कापूस भरून मामींनी शिवले. गोलात मला का उभं केलं, असं एकदा विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, “तुझ्या आवाजाला घाबरून निम्मे तिथंच थांबतात.”

मामांची एक सवय होती. ओटा धुऊन झाला की ते उकिडवे बसायचे, फरशीवर तळवा टेकवायचे आणि थोडा वेळ तसेच राहायचे. ओल आहे का, चिकट आहे का, सगळं त्यांना हातानं कळायचं. मग नुसतं “या” म्हणायचे. त्या “या”आधी ओट्यावर पाय ठेवायची कुणाची छाती नव्हती.

आमच्यात खरा खेळाडू म्हणजे लक्ष्मण. सुप्याकडच्या धनगराच्या घरातला, बारामतीत वसतिगृहात राहून शिकणारा. आजोबांच्या काळातली मेंढरं विकून घरानं जिराईत शेती धरली होती. चाकांवर तो असा पळायचा की बाकीचे त्याच्या वाटेतून आपणहून बाजूला व्हायचे. एका हिवाळ्यात मामांना कुठूनसं कळलं की हिमाचलातल्या एका थंड गावी बर्फावरच्या हॉकीचे ज्युनियर सामने आहेत आणि त्यांना टीम कमी पडताहेत. त्यांनी पत्र टाकलं. महाराष्ट्रातून दुसरं कुणी नसल्यामुळे आमची निवड झाली, म्हणजे आम्हीच महाराष्ट्र. ही बातमी मामांनी आम्हाला इतक्या गंभीरपणे सांगितली की हसायला सुद्धा उशीर झाला. मग त्यांनी स्केटची चाकं काढली आणि एका लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची पाती करून त्या जागी बसवून घेतली. सामानाची जबाबदारी माझ्याकडे आली. माझी यादी हरवली तर मला माझं नाव सुद्धा आठवणार नाही, असं मामा माझ्याबद्दल चारचौघांत सांगायचे. पण सामान मोजायला मलाच बोलवायचे.

अडचण आली ती लक्ष्मणच्या घरून. त्याचे आजोबा, बिरूआबा, घोंगडी खांद्यावर टाकून अडतीत आले आणि गादीवर न बसता उभ्यानंच बोलू लागले. ज्वारी निसवलीय, पाखरं राखायला माणूस नाही, आणि पुढच्या वर्षी पोरगं शाळा सोडून घरीच येणार आहे, असं त्यांचं म्हणणं. मामांनी त्यांना चहा दिला, पोराचे पाय कसे आहेत ते सांगितलं. आबांनी चहा बशीत ओतून सावकाश संपवला.

“तितं नेऊन काय करनार त्येचं, इलासराव?”

“बर्फावर खेळवणार, आबा.”

“नक्की?”

“माझा शब्द.”

“बरं. पाखरं मी हाकतो मग,” आबा म्हणाले आणि बशी खाली ठेवून निघाले.

बारामतीहून दौंड, दौंडहून दिल्ली, तिथून पुढे डोंगरातली बस. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही एवढे लांब गेलो. त्या गावी बर्फाचं मैदान म्हणजे उघडी सपाट जागा. संध्याकाळी तिच्यावर पाणी मारायचं, रात्रीच्या थंडीनं ते गोठायचं आणि ऊन वर यायच्या आत सामने उरकायचे. आकाश निरभ्र असेल तरच पाणी नीट गोठतं, हे आम्हाला तिथं कळलं. आणि आम्ही पोहोचलो त्या दिवशी ढग आले. रोज पहाटे सगळे कपडे अंगावर चढवून आम्ही मैदानाच्या कडेला जायचो, मामा कठड्यातून वाकून तळवा टेकवायचे, आणि त्यांचा हात ओला होऊन वर यायचा. एके दिवशी बर्फ झाला. पांढरा, सपाट, दगडासारखा. आम्ही पायात स्केट बांधून रांगेत उभे राहिलो. पण आधी मोठ्यांचे सामने राहिले होते ते झाले. आमची पाळी येईपर्यंत ऊन डोंगरावरून मैदानात उतरलं, कडेनं पाणी चमकायला लागलं आणि ज्युनियरचे सामने रद्द झाल्याचं सांगण्यात आलं. चूक कुणाचीच नव्हती. लक्ष्मण कठड्याला टेकून बराच वेळ ते पाणी बघत राहिला होता… परतीच्या गाडीत आम्ही पोरांनी ठरवून टाकलं, घरी सांगायचं की खेळलो आणि हरलो. हरण्यात लाज नव्हती. मामा खिडकीपाशी बसून ऐकत होते. ते काहीच बोलले नाहीत, म्हणून आम्हाला वाटलं त्यांनाही पटलं.

पुढच्याच बाजारच्या दिवशी बिरूआबा अडतीत आले. मी शाळेतून येताना मामांचा डबा घेऊन तिथं गेले होते. आबांनी विचारलं, “मंग? ख्येळलं का पोरगं बर्फावर?” मी मामांकडे बघून मान हलवत होते, हो म्हणा, हो म्हणा. मामांनी सरळ सांगितलं, “नाही, आबा. बर्फ वितळला.” आबा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “म्हंजी शब्द ऱ्हायला.” आणि बाजाराची पिशवी उचलून गेले. त्या दिवशी मामांनी डबा उघडला नाही. मी शेजारी बसले होते. बऱ्याच वेळानं ते माझ्याशी नव्हे, समोरच्या ओट्याशी बोलल्यासारखं म्हणाले, “बर्फ काय फक्त हिमाचलातच होतो का?”

रज्जाकभाई मामांचे शाळेपासूनचे दोस्त, त्यांचा बर्फाचा कारखाना. उन्हाळ्यात रसवंतीवाल्यांची त्यांच्याकडे रांग लागायची. थंडीत तिकडे कुत्रं फिरकत नसे. मामांनी त्यांना कल्पना सांगितली तेव्हा ते म्हणाले, “विलास, तुला थंडी बाधलीय.” पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळी टाकी चालू केली. यार्डाच्या सुट्टीच्या पहाटे भुशानं झाकलेल्या लाद्यांची ट्रॉली शेडपाशी येऊन लागली. ओट्यावर भुसा पसरून मामांनी आणि हमालांनी लादीला लादी भिडवली, फटींत फोडलेला बर्फ ठासला, वरून पाणी सोडलं. उजाडताना गुळाच्या ओट्यावर बर्फाची जमीन तयार झाली होती, लहानशीच, तीन-तीन पोरांनी खेळावं एवढी. मामांनी सुप्याला निरोप धाडला होता. बिरूआबा पहिल्या एस.टी.नं आले आणि गुळाच्या पोत्यावर घोंगडी पांघरून बसले. मामा उकिडवे बसले, तळवा टेकवला. या वेळी हात कोरडा वर आला. “या,” ते म्हणाले.

पहिला लक्ष्मण उतरला आणि जागच्या जागी उभा राहिला. पाय उचलावा तर पातं बर्फातून निघेना. दुसरा उतरला, तो तोंडावर पडला. आबा शांतपणे म्हणाले, “काकवीत माशी रुतावी तसं दिसतंय, इलासराव. ह्योच का तो ख्येळ?” हमाल हसायला लागले. मामांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी लक्ष्मणला कडेला घेतलं, त्याचा पाय मांडीवर ठेवून पात्यावर अंगठा फिरवला आणि अंगठा झटकून तोंडात घातला. मग त्यांना हसू फुटलं ते थांबेना. आमच्या लोहारानं सारा जन्म ऊसतोडीचे कोयते केलेले. पातं म्हटलं की धार, हे त्यानं धरूनच चाललेलं, आणि प्रेमानं एकेक पातं कोयत्यासारखं पाजळलेलं. असली धार बर्फात रुतणारच. हीच पाती आम्ही हिमाचलात नेऊन परत आणली होती आणि कुणाला पत्ता नव्हता! “तिथं उतरला असता तर सगळा देश हसला असता,” मामा म्हणाले. “बरं झालं, आपल्याच घरात हसं झालं. घासा आता, धार घालवा.” आम्ही सगळे ओट्याच्या कडेच्या दगडावर पाती घासायला बसलो. इकडे बर्फाला पाझर सुटलेला, तिकडे आमचं घासणं, आणि ते कर्रकर्र ऐकून आबांनी कानावर घोंगडी ओढलेली…

मग लक्ष्मण पुन्हा उतरला. एक पाय पुढे, दुसरा पुढे, आणि तो घसरत निघाला. चाकांचा खडखडाट नाही, काही नाही, नुसता सर्रर्र असा आवाज. खेळ फार वेळ चालला नाही. टायरच्या रबराची चकती, गोल म्हणून दोन पोती, निम्मा वेळ आम्ही आडवेच. लक्ष्मणनं माझ्यावर केलेला गोल मी आजही मान्य करत नाही, पोतं हललं होतं. पण तो बर्फावर खेळला. उन्हं शेडमध्ये आली तसं फरशीवरून पाणी वाहायला लागलं, शेजारचे अडते आपली पोती भिजतील म्हणून कुरकुरू लागले. तेव्हा बिरूआबा उठले. त्यांनी मामांसारखाच तळवा बर्फावर टेकवला, चटका बसल्यासारखा काढला आणि घोंगडीला पुसला. “व्हय. बरफच हाय,” ते म्हणाले. नंतर मामांकडे न बघता, “शब्द पाळला तुमी.”

टीम तिथंच संपली. पुढच्या वर्षी लक्ष्मण घरी गेला, मी अकरावीला गेले, बाकीचे पांगले. त्या सकाळबद्दल मामा स्वतःहून कधी बोलले नाहीत. लक्ष्मण मात्र दर संक्रांतीला सुप्याहून त्यांच्याकडे येत राहिला. आता तो डाळिंबं करतो. मामा गेले त्या दिवशी खांदा द्यायला तोच सगळ्यांत पुढे होता.

परवा मामींचं काम होतं म्हणून मी यार्डात गेले. गाळ्याची किल्ली नव्या माणसाच्या हवाली करायची होती, ती केली, कागद तपासले. मग शेडकडे वळले. आम्ही पाती घासली होती त्याच ओट्याच्या कडेला एक तरुण हमाल गुळाची ढेप कापायची सुरी दगडातल्या खाचेत घालून परजत होता. तशा खाचा ओळीनं होत्या, वर्षानुवर्षांच्या सुऱ्यांनी खोल झालेल्या. मी त्याला विचारलं, या कशाच्या रे? तो म्हणाला, “जुन्या लोकांनी पाडल्यात, मावशी. धार लावायला. लई भारी धार लागती हितं.”

मी म्हटलं, बरं केलं त्यांनी.

तो गेल्यावर ओट्यावर बसायच्या आधी मी खाली वाकून फरशीवर तळवा टेकवला. दगड तापलेला होता, थोडा चिकट. कुणी “या” म्हणण्याची वाट बघत मी तशीच थांबले…