जोड पुसलेली स्लाइड

तिसऱ्या स्लाइडवर टाळ्या वाजल्या. हॉलमध्ये कुणी हात हलवला नव्हता. टाळ्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्पीकरमधून आल्या. पडद्यावर मथळा होता: ‘भैरवगढमध्ये बंद पडलेले छपाईचे कारखाने’. खाली एकेक नाव येत होतं आणि प्रत्येक नावाला टाळ्या. पहिलं नाव जुबैदा आपांच्या दिराचं होतं. आपा माझ्या शेजारीच बसल्या होत्या. समोर बसलेल्या सरकारी समितीतले एक साहेब तोंडावर हात धरून हसले.

माउस माझ्या हातात होता, पण त्या टाळ्या मी लावलेल्या नव्हत्या.

नव्वदीच्या दशकाचा शेवट. उज्जैनमध्ये तेव्हा जिकडेतिकडे कॉम्प्युटर सेंटर उघडत होती. फ्रीगंजमध्ये टावर चौकाजवळच्या अशाच एका सेंटरमध्ये मी नोकरीला होते. सकाळी मुलांना शिकवायचं, दुपारी बाहेरची कामं करायची. मालक सक्सेना सर. माणूस धडाडीचा होता, इंदूरहून भाड्याने प्रोजेक्टर आणून लग्नाचे फोटोसुद्धा पडद्यावर दाखवायचा.

जुबैदा आपा उज्जैनलगतच्या भैरवगढच्या. ठप्प्याने, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठोकळ्याने, कापड छापणाऱ्या बायकांची एक समिती त्यांनी उभी केली होती. सरकारी यादीत हाताने छपाई करणारे म्हणून नाव लागलं, की दिल्लीच्या मेळ्यात जागा मिळते आणि थेट ऑर्डर येतात. आपांचं नाव लागणारच होतं. तेवढ्यात एका व्यापाऱ्याने लेखी तक्रार केली, की या बायका स्क्रीन प्रिंट करतात आणि हातकाम म्हणून विकतात.

आपांनी माझ्या टेबलावर बोट फिरवून फरक समजावला होता. स्क्रीन प्रिंटमध्ये जाळीच्या चौकटीतून रंग ओढतात, मोठा भाग एकदम छापला जातो. ठप्पा मात्र दर वेळी उचलून पुन्हा शेजारी ठेवावा लागतो. दोन ठप्पे जिथे भेटतात तिथे रंग केसभर दुहेरी बसतो आणि गडद दिसतो. तोच जोड. “मशीन में ये जोड़ नहीं आता, बेटा. हाथ में आता ही आता है,” त्या म्हणाल्या.

मग कापडच दाखवा की, असं मी म्हटलं. त्यांनी यादी ठरवणाऱ्या सरकारी समितीचं पत्र पुढे केलं. नमुने आणू नयेत, कारण मागच्या खेपेला कुणी दुसऱ्याचं कापड आणलं होतं. प्रत्येक गटाने पंधरा मिनिटांत आपलं काम ‘कॉम्प्युटर प्रेझेंटेशन’ने दाखवावं. दोन्ही हात रंगात घालणाऱ्या बायकांना हे फर्मान. तेव्हा जिथे तिथे कॉम्प्युटरच हवा असायचा.

मी कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर घेऊन भैरवगढला गेले. फोटो काढले, धुऊन आणले, स्कॅन केले. ठप्पा कापडावर पडतो तो आवाज टेप करून कॉम्प्युटरमध्ये घेतला. ॲनिमेशन म्हणजे स्लाइडवरची वस्तू कधी आणि कशी यावी हे ठरवणं. मी ते दोनच ठिकाणी वापरलं. एका स्लाइडवर आधी नक्षीची बाह्यरेषा यायची, मग लाल, मग काळा, मग जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या कापडाचा रंग. प्रत्येक रंगाबरोबर ठप्प्याचा एक आवाज. शेवटच्या स्लाइडवर कापडाचा मोठा केलेला फोटो आणि क्लिक केलं की एकेक बाण, तीन जोडांवर. बाकी सगळं शांत. आपांनी पाहिलं आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ठप्प्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मला तेवढं पुरे होतं.

प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी दुपारी सरांनी पाहिलं. त्यांना ते फारच फिकं वाटलं. पार्टीला कळलं पाहिजे की कॉम्प्युटरचं काम आहे, नाहीतर त्यांनी फोटोचा आल्बमच न्यावा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सरकारी समितीला जोड बघायचे आहेत, आपला कॉम्प्युटर नाही. ते ‘ठीक है, ठीक है’ म्हणाले आणि मी घरी गेले. हा माझा मूर्खपणा.

सकाळी मशीन घेऊन सर परस्पर हॉलवर पोचले होते. मी आपांना घेऊन रिक्षाने गेले. फाइल उघडून बघायला वेळच मिळाला नाही, आमचं नाव पहिलंच पुकारलं.

मथळ्याचं एकेक अक्षर टाइपरायटरच्या खडखडाटासह आलं. मग त्या टाळ्या. मग रंगांची स्लाइड. माझ्या ठप्प्याचा आवाज काढून सरांनी तिथे बंदुकीची गोळी लावली होती. लाल रंग, धाड. काळा रंग, धाड. मागे बसलेल्या आपांच्या बायका दचकल्या. माझी कानशिलं तापली. पण थांबवायचं कसं? शेवटची स्लाइड तरी नीट असेल, या आशेवर मी क्लिक करत राहिले.

शेवटचा फोटो गरगरत आला आणि काच फुटल्याच्या आवाजाने पडद्यावर चिकटला. तीन बाण सुंईसुंई करत आले आणि थांबले. बाणांच्या टोकाशी काहीच नव्हतं.

नक्षी सगळीकडे एकसारखी होती. दुहेरी रंग नाही, गडद रेघ नाही. माझ्या लगेच लक्षात आलं. सरांनी नक्षीचा एक स्वच्छ तुकडा कॉपी करून सगळ्या जोडांवर चिकटवला होता. ते मागून वाकून हळूच म्हणालेसुद्धा, “दाग थे, साफ कर दिए.”

सरकारी समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा नीट केला. “कहाँ है जोड़? यह तो सीधा स्क्रीन प्रिंट दिख रहा है.”

आपा पडद्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. आवाज अजिबात चढला नाही. “बेटा, कपड़ा मेरा है, पर ये मेरा काम नहीं है.”

मला भयंकर राग आला होता. एका बाईने आयुष्यभर केलेलं काम एका माणसाने तासाभरात डाग समजून पुसून टाकलं होतं, आणि त्याला विचारावंसंही वाटलं नव्हतं. मी उठले. सर कोपर धरून ‘बैठो, बैठो’ करत होते. कोपर सोडवून मी अध्यक्षबाईंना सांगितलं, “मैडम, यह फोटो हमारे सेंटर में बदली गई है. असली में जोड़ हैं. इन लोगों को इसका पता तक नहीं था.”

बदलला कुणी, असं त्यांनी विचारलं. मी सरांकडे हात केला. मघा हसलेल्या साहेबांनी विचारलं, की मग या कॉम्प्युटरमधल्या कशावरही आम्ही विश्वास का ठेवावा? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ठेवू नका, मला वीस मिनिटं द्या, मी निगेटिव्ह आणते. अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं, पुढच्या गटाला आधी बोलावलं आणि मला जायला सांगितलं.

सेंटर तिथून चालत दहा मिनिटांवर. मी पळतच गेले. टेबलाच्या खणातून फोटोंचा लिफाफा काढला आणि तशीच परत आले. अध्यक्षबाईंनी निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. मग प्रिंट हातात घेतला. आपा पुढे झाल्या आणि त्यांनी करंगळीने एकेक जोड दाखवला. या वेळी कुठलाही आवाज लागला नाही. अध्यक्षबाई बराच वेळ बघत होत्या. फोटोवर निर्णय देणार नाही, आमचा माणूस न कळवता भैरवगढला येईल, असं त्यांनी सांगितलं. आपा म्हणाल्या, रोज या.

माणूस चौथ्या दिवशी गेला. तेव्हा आपांची सून चादर छापत होती. तो तासभर उभा राहून बघत होता म्हणे. पुढच्या यादीत आपांच्या समितीचं नाव लागलं.

सरांनी त्याच दुपारी मला माफीनामा लिहायला सांगितलं होतं. सेंटरची इज्जत मी भर सभेत घालवली, हा माझा गुन्हा. मी कागद घेतला आणि राजीनामा लिहिला. आपांची माफी मात्र त्यांनी कधी मागितली नाही. उलट यादी लागल्यावर सेंटरबाहेर नवा बोर्ड आला, त्यावर आमच्या खास साउंड इफेक्टवाल्या प्रेझेंटेशनने भैरवगढच्या समितीला मान्यता मिळवून दिली, असं लिहिलेलं. मी रस्ता ओलांडून, चष्मा पुसून, तो दोनदा वाचला. आजही आठवलं की डोकं फिरतं.

प्रेझेंटेशन मी अजून शिकवते. पहिल्या तासाला मुलांना आवाजांची यादी उघडायला लावते. टाळ्या, गोळी, काच सगळं तिथे असतं, आणि सगळ्यात वर लिहिलेलं असतं ‘नो साउंड’. ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं त्यांनीच ते वर ठेवलंय. त्याच्या खाली उतरायचं असेल तर आधी मला कारण सांगा, असं मी म्हणते. फारसं कुणाला सांगता येत नाही.