तांबडीच्या कानात

नवऱ्याला सगळे मौनीबुवा म्हणत. लेक कमावती झाली तरी त्यांच्या तोंडून शब्द निघायचा तो मोजूनमापूनच. बायकोने त्याचं वाईट वाटून घेणं कधीच सोडलं होतं. सहा गाई, दोन वेळची धार, वर्षात एक सुट्टी नाही. माणूस बोलणार तरी कधी, अशी ती स्वतःची समजूत घाली.

हर्नियाचं ऑपरेशन ते वर्षानुवर्षं पुढे ढकलत होते. 'गाई कोण बघेल?' हे एकच पालुपद. शेवटी लेकीने बखोटीला धरून दवाखान्यात नेलं आणि गोठा बायकोवर आला. पाच गाईंनी निमूट दूध दिलं. तांबडीने मात्र पान्हा चोरला. सकाळी नाही, संध्याकाळीही नाही. बायकोने नवऱ्याचा सदरा घालून पाहिला, तरी ती ढिम्म. कास दगडासारखी झाली. सुजली तर गाय हातची जाणार, आणि हे कळलं तर स्वारी ऑपरेशन टाकून घरी येणार. तरी तिने फोन लावलाच.

"अहो, काय करता तुम्ही हिला?"

"बोलतो जरा."

"बोलता? तुम्ही?"

"फोन तिच्या कानाशी ठेव. आणि तू बाजूला हो."

"मी बाजूला झाले तर धार कोण काढेल, तुमची मेहुणी?"

तिने फोन स्पीकरवर टाकून गव्हाणीच्या कडेला, तांबडीच्या कानाशी टेकवला आणि कासेला हात घातला.

"तांबडे," ते म्हणाले, "उद्या पोट कापणार. भीती वाटते गं. घरी आलो तरी सहा जणींचं आता माझ्याच्याने होणार नाही. आणि हिचे गुडघे... रात्री कण्हते, तिला वाटतं मी झोपलोय. चार गाई देऊन टाकाव्यात म्हणतो. पण हिला वाटेल, नवरा हरला."

बादलीत धार वाजली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, पण तिने हात थांबवले नाहीत. गाय पान्हावल्यावर थांबायचं नसतं.

बादली भरल्यावर तिने फोन उचलला. "तांबडी म्हणते, देऊन टाका. नवरा धड राहिला की सगळं मिळालं."

चार गाई शेजारणीकडे गेल्या. गुडघ्यांना उसंत मिळाली, दुपारी दोघांना डुलकी मिळू लागली. तांबडीचे उपकार फिटायचे नाहीत, असं ती ज्याला त्याला सांगते. मौनीबुवा अजून मौनीच आहेत. फक्त मनात काही साचलं की गोठ्याकडे जाताना दारातून हाक मारतात, "येतेस का गं, धार काढायला?"

आणि ती हातातलं काम टाकून जाते.