तात्यांचं ‘आहेत’

मी चहा गाळून बाहेर आलो तोवर तात्यांना कुणीतरी परत मारलं होतं.

सकाळी एकदा मी त्यांना जिवंत केलं होतं. पान उघडलं की पहिल्याच ओळीत होतं, ‘सातारा जिल्ह्यातील राजकारणी व माजी आमदार आहेत.’ आता त्या ‘आहेत’च्या जागी ‘होते’. वर काळी चौकट आणि आत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तात्या तिकडं मिरजेच्या दवाखान्यात. खरंच गेले की हायत, हे मलकापुरात बसून मला कळायला मार्ग नव्हता. टीव्हीवर एका चॅनेलनं खाली पट्टी फिरवली होती, तेवढंच.

कुठलं पान ते सांगतो. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. तो कुणा एकाचा नाही. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारावं. पगार नाही, सुट्टी नाही. मी त्यावर संपादक आहे. माझा मूळ धंदा पेंटरचा. दुकानाच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, गाड्यांचे नंबर. शिक्षण सातवी. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळून गेले.

ज्ञानकोश हा माझ्या बायकोचा, शालनचा नाद. ती अंगणवाडीत होती. रिटायर झाल्यावर तिनं आसपासच्या गावांची पानं लिहायला घेतली. मी शेजारी बसून नावं ठेवायचो. ती गेली आणि घरात बोलणारं कुणी राहिलं नाही, म्हणून मी तिचा टॅबलेट घेऊन बसायला लागलो. तिच्याच अकाउंटवरून लिहायला निघालो तर सांगलीच्या मॅडमनी अडवलं. एक माणूस, एक अकाउंट. मग माझं वेगळं काढलं. शालनची एक गोष्ट मात्र पाळतो. ती म्हणायची, बोलताना हाय म्हणा, लिहिताना आहे लिहा. तरी एखादा ‘हाय’ निसटतोच.

या मॅडम कॉलेजात शिकवतात. ज्ञानकोशावर त्या प्रचालक आहेत. म्हणजे भांडण वाढलं तर पान लॉक करायचा आणि आडमुठ्या माणसाला बाहेर बसवायचा अधिकार त्यांना. शालनला हे काम त्यांनीच शिकवलं.

प्रत्येक पानाच्या मागं त्याचा इतिहास असतो. कुणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं. तिथं बघितलं. ‘होते’ करणारा होता तात्यांचाच कार्यकर्ता, बबन. मला हसावं की रडावं कळेना. हा बबन वर्षभर माझ्याशी भांडत होता. तो तात्यांच्या नावामागं ‘कार्यसम्राट’ लावायचा, मी काढायचो. ज्ञानकोशात कौतुकाचे शब्द चालत नाहीत, हा नियम आहे. एकदा घरीच आला.

“आवं पेंटर, स्टँडच्या भिंतीवर कार्यसम्राट तुमीच लिवलं व्हतं की.”

“भिंत तुमची व्हती, रंग तुमचा व्हता. हे पान तुमचं न्हाई.”

“म्हंजी तुमी पलीकडच्या पार्टीचं.”

“त्यांच्या बी भिंती मीच रंगवल्यात. कार्यसम्राट त्यांच्यात बी एक हाय.”

तेव्हापासून गावभर सांगत फिरला की म्हातारा विकला गेलाय. आणि आज तात्यांना पहिलं मारलं त्यानंच. मी फोन लावला.

“काय रं बबन, तात्या गेलं हे तुला कुणी सांगितलं?”

“टीव्हीवर आलंय की.”

“दवाखान्यात गेलतास?”

“निघालोयच. पण श्रद्धांजली आधी टाकाय नगो? दुसऱ्या गटानं आधी टाकली तर आमी काय तोंड दाखवायचं?”

मी फोन ठेवला आणि त्याचा बदल उलटवला. उलटवणं म्हणजे एक बटण दाबून पान आधीसारखं करणं. त्यानं परत ‘होते’ केलं. मी परत ‘आहेत’. आता त्याच्या जोडीला आणखी दोघं-तिघं आले. मग मॅडमचा निरोप आला. “काका, थांबा. असंच उलटवत राहिलात तर नियमानं मला तुम्हालासुद्धा बंद करावं लागेल. चर्चापानावर या.”

चर्चापान म्हणजे पानामागची चावडी. पानावर भांडायचं नाही, तिथं जाऊन भांडायचं. गेलो. बबनच्या बाजूचं म्हणणं, चॅनेलची बातमी हा संदर्भ आहे. संदर्भ म्हणजे असं प्रसिद्ध झालेलं काही, जे कुणालाही जाऊन तपासता येतं. ज्ञानकोशात संदर्भाशिवाय काही टिकत नाही. मी लिहिलं, दवाखान्यानं अजून तोंड उघडलेलं नाही, बाकी सगळे एकमेकांचं ऐकून बोलतायत. त्यावर एकानं विचारलं, “मग ते जिवंत असल्याचा संदर्भ द्या.”

तो माझ्याकडं नव्हता. माणूस जिवंत आहे अशी बातमी कोण छापतं?

तेवढ्यात चर्चेत एक नवीन ओळ आली. लिहिणारीचं अकाउंटसुद्धा नव्हतं. ‘मी त्यांची मुलगी. बाबा जिवंत आहेत. आई बाहेर बाकड्यावर बसली आहे. तिला लोकांचे सांत्वनाचे फोन येतायत. हात जोडते, हे काढा.’

आता ऐका. तिला उत्तर द्यायचं माझ्यावरच आलं. मी लिहिलं, ‘ताई, माझा तुमच्या शब्दावर विश्वास आहे. पण तुम्ही त्यांची मुलगीच आहात हे इथं कुणाला तपासता येत नाही. घरच्या माणसाचा शब्द संदर्भ म्हणून धरता येत नाही.’ नियम बरोबर आहे. उद्या कुणीही मुलगी म्हणून येईल आणि काहीही लिहून जाईल. पण पाठवायचं बटण दाबताना स्वतःची लाज वाटली.

मी एवढा का पेटलो होतो ते सांगितलं पाहिजे. शालन कराडच्या दवाखान्यात होती तेव्हा कुणा पाहुण्यानं घाई केली. भावकीच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला, हार घालून. फोन तिच्या उशाशी होता. मी उचलायच्या आत तिनं बघितलं. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागलेली. ती एकेक नाव वाचत गेली.

“आवं,” म्हणाली, “फोटो बरा निवडलाय. कुणाच्या लग्नातला हाय?”

मी म्हटलं, “संगीच्या.”

“आता सगळ्यास्नी परत कळवाय लागंल बघा.”

मी कळवलं. लोकांनी माफी मागितली. पुढं ती खरंच गेली तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, हे मागचंच फिरतंय. मातीला माणसं कमी आली. कुणावर राग धरू?

म्हणून मी मॅडमना फोन लावला. हे सगळं काही सांगितलं नाही.

“मॅडम, ती म्हातारी बाकड्यावर बसलीय. कुणीतरी तिला आपलंच पान उघडून दाखवील. मला काय तो नियम सांगा, पण एवढं बघा.”

मॅडम म्हणाल्या, “काका, जिवंत माणसाबद्दल शंका असेल तर जिवंतच धरायचं, असाही नियम आहे. पण तो पटवून देईपर्यंत इथं नुसती मारामारी होईल. मी पान लॉक करते. फक्त लॉक करताना कुठलं तरी एक रूप ठेवावं लागेल. ‘आहेत’ ठेवलं तर म्हणतील पेंटरकाकांची बाजू घेतली.”

“आणि ‘होते’ ठेवलं तर?”

“ते मी ठेवणार नाही. क्रियापदच काढते.”

“ही पळवाट झाली मॅडम.”

“पळवाट कशी? आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं. ‘सातारा जिल्ह्यातील राजकारणी व माजी आमदार.’ पूर्णविराम.”

मी टॅबलेटवर बघत होतो. माझ्या डोळ्यादेखत ‘होते’ गेलं. काळी चौकट गेली. ‘आहेत’ आलं नाही, पण वाक्य नीट उभं राहिलं. मला हसू फुटलं. ‘मालक अमुक, किराणा व भुसार.’ ‘डॉक्टर तमुक, दातांचा दवाखाना.’ आख्खी हयात मी बिनक्रियापदाच्या पाट्या रंगवल्या. पाटीवर कुणी ‘आहे’ लिहीत नाही. आणि हे मला सुचू नये.

बबनचा लगेच फोन. “पेंटर, तात्यांचं ‘होते’ कुठं गेलं?”

“तू मिरजेला पोचलास का?”

“इस्लामपुरात हाय, च्या प्यायला थांबलोय.”

“मग पी सावकाश.”

दुपारी दवाखान्याचे मोठे डॉक्टर कॅमेऱ्यापुढं आले. पेशंट शुद्धीवर आहेत, बोलतायत, एवढंच म्हणाले. चॅनेलची पट्टी गायब झाली, ज्यांनी ती फिरवली त्यांनी एका शब्दानं खुलासा केला नाही. मॅडमनी लॉक काढलं आणि डॉक्टरांच्या बोलण्याचा संदर्भ जोडून ‘आहेत’ लिहिलं. मी टॅबलेट मांडीवर घेऊन तसाच बसलो. खांदे एकदम हलके झाले. सकाळचा चहा तसाच होता, साय धरलेला. तोच प्यालो. गोड लागला.

तात्या घरी आल्यावर त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता, पण खोड तीच.

“पेंटर, लेकीनं सगळं वाचून दाखवलं. माझीच माणसं मला पोचवाय निघालती आन् तू आडवा पडलास म्हणं.”

“मी न्हाई तात्या. सांगलीच्या मॅडम.”

“बरं. आता तरी कार्यसम्राट लिवशील का न्हाई?”

“न्हाई जमायचं.”

“मेल्यावर?”

“मेल्यावर बी न्हाई. तवा फकस्त ‘आहेत’चं ‘होते’ करणार. ते बी दवाखान्यानं सांगितल्यावर.”

तात्या खोकला लागेपर्यंत हसले. मागून त्यांची बायको ओरडलेली ऐकू आली, “ठेवा आता त्यो फोन.” तिचा तो आवाज ऐकून मला लय बरं वाटलं.

या सगळ्यातून शिकायचं ते इतकंच, की ‘होते’ची घाई नसते. ते कधीही लिहिता येतं.

पण कधीतरी लिहावं लागतं, हेही खरं. त्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, “काका, एक काम राहिलंय. शालनताईंचं सदस्यपान.”

सदस्यपान म्हणजे प्रत्येक संपादकाचं स्वतःच्या ओळखीचं पान. तिचं मला पाठ आहे. ‘मी शालन. मलकापुरात राहते. गावांची पानं लिहिते. चुकलं तर सांगा, भांडू नका.’ लोक अजून तिला तिथं प्रश्न विचारत होते. उत्तर येईना म्हणून काहीजण रुसलेही होते. मला हे दिसत होतं. मी त्या पानावर जायचंच टाळत होतो.

“म्हंजी तिचं ‘राहते’ पुसून ‘राहायची’ करायचं व्हय?” मी विचारलं.

“छे. सदस्याचे स्वतःचे शब्द दुसऱ्यानं बदलायचे नसतात. वर फक्त एक ओळ टाकायची, की या आता आपल्यात नाहीत. मग पान कायमचं लॉक.”

“त्याला संदर्भ काय देणार? तिचं पेपरात आलं नव्हतं.”

“इथं घरच्या माणसाचा शब्द चालतो, काका.”

मी तिचं पान उघडलं. मग म्हटलं, “लिवा.”

त्यांनी लिहिलं. वर ती एक ओळ आहे. खाली शालनचं ‘राहते’ आणि ‘लिहिते’ जसंच्या तसं. आता ते कुणाला बदलता येत नाही. मलासुद्धा नाही.